ज्वालामुखीचं सुतक

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥
मुरुड कोळीवाडा, ता. १८ जानेवारी १९५९

चि. शिवदास यास तायचा आशीर्वाद.

आधी एक सांगते, म्हणजे तुझा गैरसमज नको. हे पत्र मी कुणाकडून लिहून घेतलेलं न्हाय. आपल्या वाड्यात देवळाच्या ओट्यावर मोठ्या माणसांचा वर्ग निघालाय, तिथं दिवाळीपासून जाते. पहिल्या दिवशी पाटी मांडीवर घेऊन बसले तेव्हा सगळ्या बाया हसल्या. आता त्याच माझ्याकडून नावं लिहून घेतात. फक्त 'ळ' अजून उलटा पडतो. कोळणीला 'ळ' येऊ नये म्हणजे काय म्हणावं, पण न्हाय येत.

तुझं तोंड बघून सहा वर्षं झाली. आपली थोडी बोलाचाली झाली होती, ती आता आठवत बसायचं कारण न्हाय. भावाबहिणीचं भांडण म्हणजे पाण्यावरची रेघ. तू ती दगडावर ओढलीस, त्याला मी काय करू.

आता कामाचं. आपल्या केसरचं लग्न ठरलं. व्हय, तीच केसर, तुझ्या खांद्यावर बसून जत्रा बघणारी आणि तुझ्याच केसांना बत्तासे चिकटवणारी. मुलगा रेवदंड्याचा, चंदर नावाचा. होडीवर तांडेल हाय. बोलतो कमी, जेवतो बरा. अक्षय तृतीयेला, दहा मेला लग्न. मांडवात नवरीला मामानं आणायचं, हे तुला सांगायला नको. केसरला मामा एकच.

परवा धवलारीण मनुबाई आली होती, लग्नाची गाणी तीच म्हणणार. तिनं सगळ्यांची नावं विचारून घेतली आणि मग म्हणते, "मामाच्या गाण्यात नाव कुणाचं घालू?" मी म्हटलं, शिवदासचं घाल. ती म्हणते, "तो येल का?" मी म्हटलं, गाणं तू म्हण, आणायचं मी बघते. बोलून बसले खरी. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही खोड तुला माझी माहीत हाय.

अडचण तुझ्या शपथेची. भर बाजारात, तुझ्या सासरच्या माणसांसमोर तू एकवीरेचं नाव घेऊन म्हणालास, "मयताशिवाय या वाड्यात पाऊल टाकणार न्हाय." आईच्या नावाची शपथ मोड असं मी कोणत्या तोंडानं सांगू? आणि मयत म्हणशील तर कुणी तयार न्हाय. मी ठणठणीत. आमचे हे ठणठणीत. अंबाजी पाटील पंच्याहत्तरीचा झाला, अजून नारळावर चढतो. तेव्हा तूच काहीतरी वाट काढ आणि उलट टपाली कळव.

चि. सौ. तुळशीला आशीर्वाद.
ताय


॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥
मुरुड, ता. १५ फेब्रुवारी १९५९

चि. शिवदासला आशीर्वाद.

महिना होत आला, तुझं उत्तर न्हाय. करंजे काय विलायतेत हाय? पोस्टमन मला लांबून बघितलं की आता सायकल वळवतो. असो.

इकडची गंमत कळवते. गेल्या मंगळवारी मी मासळी वाळत टाकत होते, तर समुद्राकडनं ठक्‌ ठक्‌ आवाज. बघते तर म्हातारीच्या दांड्यावर एक टोपीवाला वाकून हातोडी मारतोय. माझं डोकंच फिरलं. मला वाटलं, शिवदासनं शेवटी माणूस पाठवला, आता सुरुंग लावणार. तुला तेव्हा तेच करायचं होतं ना, दांडा उडवून इंजिनाच्या होडीला सरळ वाट? तो खडकाचा दांडा आडवा हाय म्हणून आतलं पाणी शांत राहतं, पावसाळ्यात होड्या शाबूत राहतात. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. जरा मोठ्या आवाजात सांगितलं असेल.

तर मी तशीच कोयता घेऊन दांड्यावर धावले. तो माणूस मला बघून मागं सरकला तो थेट पाण्यात. चष्मा एकीकडं, टोपी एकीकडं. हात धरून मीच वर काढला. म्हणतो, "बाई, मी हा फोडत नाही, ओळखतोय." मी म्हटलं, दांड्याला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो, तुम्ही कोण ते बोला.

पुण्याच्या कॉलेजातला निघाला. घैसास नाव. दगडांचं शिक्षण घेतलेला. दगडाचंही शिक्षण असतं, ऐकलंस का? शाळेच्या खोलीत उतरलाय, एकटाच, आणि चार दिवस नुसत्या शेंगदाण्यांवर होता. पाण्यात पाडला त्याची भरपाई म्हणून मी जेवायला बोलावलं. ब्राह्मण, त्यामुळं मासळी खात न्हाय. कोळ्याच्या घरात असा पाहुणा आला की बाईनं चुलीत काय घालायचं, सांग.

जेवताना म्हणतो, "तुमचा हा दांडा एके काळी पातळ होता. वाहत होता." आमच्या यांचा घास हातात राहिला. केसर तोंडाला पदर लावून आत पळाली. मी म्हटलं, साहेब, ऊन लागलंय तुम्हाला, ताक घ्या.

पण तो थट्टा करत नव्हता. सांगेन पुढं. तू आधी लग्नाचं कळव.
ताय


॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥
मुरुड, ता. ८ मार्च १९५९

चि. शिवदासला आशीर्वाद.

न्हायच लिहिलंस. सुंभ जळला तरी पीळ जात न्हाय. मी मात्र लिहिणार. मला आता चांगलं लिहिता येतं आणि घरात दुसरं कुणी वाचणारं न्हाय.

घैसास साहेबाचं बोलणं आधी डोक्यात शिरत न्हाय, पण एकदा चुलीजवळ बसला की चांगलं सांगतो. सोमवार होता. मी एका चुलीवर पेज ठेवली होती आणि दुसऱ्या चुलीवर पिठलं रटरटत होतं. तो पुस्तकातलं काहीतरी समजावत होता, शिलारस म्हणून. मला वाटलं, खायचा पदार्थ असेल. इतक्यात पेज उतू गेली आणि पिठल्याचा एक थेंब उडून त्याच्या हाताला चटका बसला. तो हात चोखत उठला आणि म्हणाला, "बाई, हेच. अगदी हेच."

मग त्यानं सांगितलं ते असं. जमिनीच्या पोटात दगड वितळून रस होतो. त्याच्या तऱ्हा पुष्कळ, पण मुख्य दोन धर. एक रस पातळ, पेजेसारखा. त्यात वाफ कोंडून राहत न्हाय, बुडबुडा वर येतो आणि फुटून जातो. तो रस भेगेतनं नुसता उतू जातो, आणि कोस न्‌ कोस पसरतो. गाजावाजा कमी, पसारा फार. तो एकाच भोकातनं येत राहिला तर पालथ्या परातीसारखा पसरट डोंगर होतो. दुसरा रस घट्ट, पिठल्यासारखा. वाफ आत कोंडते, कोंडते, आणि मग फाटकन उडते. राख आणि दगड आभाळात जातात, परत भोवतीच पडतात आणि तांदळाच्या ढिगासारखा टोकदार डोंगर रचतात, वर खड्डा. कधी इतकं उडतं की डोंगराचं पोट रिकामं होतं आणि तो आत खचतो. मग तिथं मोठी खोलगट परात राहते, तीत पाणी साठून तळं होतं.

मी विचारलं, आणि आपल्याकडं काय? म्हणाला, आपल्याकडं पेज. आधी उतू गेली, वाळली. त्यावर परत उतू गेली, परत वाळली. असं कितीतरी वेळा. घाटाच्या अंगावर पायऱ्या दिसतात ना, ते हे थर. मुरुडपासून पार नागपुरापर्यंत एकच पेज सांडलेली. आणि आपला दांडा म्हणजे ज्या भेगांतनं ती वर आली त्यातली एक. चुलीच्या तड्यात पेज शिरून वाळली की काय होतं? चुलीची माती झडते, पण ती पेज खरवडून निघत न्हाय. तसंच. भोवतालचा मऊ दगड समुद्रानं खाल्ला, भेगेत गोठलेला कडक रस भिंतीसारखा उभा राहिला.

शिवदास, मी बारा वर्षांची असल्यापासून चूल सारवते. मला एवढं कधी कळलं न्हाय. खरं सांगते, मला त्या दिवशी फार आनंद झाला. जेवायचं सोडून मी दांड्यावर जाऊन हात लावून आले.

मग मी त्याला टाचा घासायची वजरी दाखवली. आपल्या बाबाला किनाऱ्यावर सापडलेली, पाण्यात न बुडणारी. बाबा म्हणायचा, हा समुद्राचा वाळलेला फेस. साहेबानं ती तांब्यात टाकली, तरंगली, आणि तो आमच्या स्वयंपाकघरात नाचला. म्हणाला, हा पिठल्याचा फेस. दूर पूर्वेकडच्या बेटांवर कुठंतरी उडाला आणि तरंगत तरंगत इथवर आला. म्हणजे इतकी वर्षं मी ज्वालामुखीनं टाचा घासतेय.

मला भारी गोष्ट सुचली. मी म्हटलं, साहेब, आमच्या घरातही या दोन्ही तऱ्हा आहेत. माझा भाऊ म्हणजे पिठलं आणि मी पेज. आमचे हे कोपऱ्यात जाळं विणत होते. सहा महिन्यांतनं एकदा बोलतात, ते नेमके तेव्हा बोलले. म्हणाले, "मुशी कुणी मारली होती?"

बरं. तुझ्याजवळ लपवून काय उपयोग, तुझाच गाल. मी पहिल्या पत्रात बोलाचाली लिहिलं, ते पुरतं खरं न्हाय. मारली. शेपटीला धरून, भर बाजारात, तुझ्या सासऱ्यासमोर. तुझा सुरुंग ऐकून मासळीच्या पाटीतलं जे हातात आलं ते मी घातलं, आणि आलं ते नेमकं मुशीचं पिल्लू. तिची कातडी खरबरीत, तुझा गाल सोलला. तू शपथ घेतलीस तेव्हा गालावर रक्त होतं. मी ते बघितलं आणि तरी म्हटलं, जा मेल्या. ते मला सहा वर्षं खातंय. साहेबाला मी म्हटलं, लिहून घ्या, पिठलं मीच.

अजून सांगायचं बरंच हाय, पण कागद संपला.
ताय


॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥
मुरुड, ता. १२ एप्रिल १९५९

चि. शिवदासला आशीर्वाद.

हे पत्र नीट बसून वाच. तुझ्या शपथेची वाट सापडली.

झालं असं. आमच्या शेजारच्या कमळनं माझ्या चुलीजवळचं बोलणं अर्धं ऐकलं आणि वाडाभर सांगितलं की आपल्या पायाखाली ज्वालामुखी हाय. संध्याकाळपर्यंत अर्ध्या वाड्यानं गाठोडी बांधली. भिकूनं तर कोंबड्या टोपलीत भरून होडीत ठेवल्या. कुणी म्हणालं, पालीजवळ उन्हेऱ्याला ऊन पाणी येतं ना, म्हणजे खाली चूल पेटलेलीच हाय. शेवटी साहेबाला देवळात उभं केलं. तो बिचारा घाम पुसत म्हणाला, "ते ऊन पाणी वेगळं, ते खोल जाऊन तापून येतं. घाबरू नका. हा ज्वालामुखी मेलेला आहे."

मग अंबाजी पाटील हळूच उठला. "मेला? कधी?"

"सहा-सात कोटी वर्षं झाली."

"आपल्याच हद्दीत?"

"हो."

"मग त्याचं दहावं-बारावं कुणी केलं?"

साहेब चष्मा पुसायला लागला. दगडाच्या शिक्षणात ते शिकवत न्हायत वाटतं. मग जी चर्चा झाली ती तू ऐकायला हवी होतीस. रघू म्हणाला, ज्याच्या अंगावर आपण राहतो, ज्याच्या आडोशाला होड्या बांधतो, तो वाड्याचा थोरला. थोरला गेला आणि आपण अंघोळसुद्धा केली न्हाय. मला धडकी भरली. म्हटलं, सुतक निघालं तर लग्न बोंबललं. पण अंबाजी पाटील जुना माणूस. तो म्हणाला, "मयताची खबर वर्ष उलटल्यावर कळली तर सुतक धरत न्हायत. नुसती अंघोळ करायची आणि मोकळं व्हायचं." वर्ष तर उलटलंयच.

आणि तिथंच माझ्या डोक्यात लख्ख पडलं. मयत झालंय. आपल्या वाड्यात, थोरल्याचं. तुझी शपथ मयताला यायला आड येत न्हाय. मी उभी राहून म्हटलं, अंघोळ माझा भाऊ आल्यावर करायची. घरचा माणूस हाय, खबर त्याला द्यायला पाहिजे. अंबाजी पाटलानं माझ्याकडं बघितलं, हसला आणि म्हणाला, "शपथ मोडायची नसते नीरे, पण पाळायला कोण आडवं येतंय?"

आता दुसरी गोष्ट, ती लिहायला जास्त जड. साहेब पुण्याला परत जायच्या आधी मी त्याला दांड्याच्या उत्तरेच्या टोकाला नेलं आणि विचारलं, सुरुंग लावला असता तर? म्हणाला, सगळा दांडा खिळखिळा झाला असता. मला वाटलं, बघ शिवदास. पण मग तो वाकून म्हणाला, "इथं वाट मात्र होऊ शकते. रस गोठताना आक्रसला, त्याला भेगा पडल्या. हे दगड रचलेल्या लाकडांसारखे एकावर एक आहेत. इकडचे समुद्रानं आधीच सैल केलेत. पहारीनं एकेक निघतील, बाकीच्याला धक्का न लागता."

म्हणजे दांडा ठेवायचा हे माझं बरोबर, आणि वाट पाहिजे हे तुझं बरोबर. आपण दोघांनी मिळून पाच मिनिटं नीट बघितलं असतं तर मुशी वाचली असती.

अमावास्येच्या मोठ्या सुकतीला पाणी पार मागं गेलं तेव्हा सगळा वाडा पहारी घेऊन उतरला. चार दिवस. बायांनी दगड ओढले, मी सगळ्यांत जास्त ओरडले. पंधरा हात रुंद वाट झाली. भरतीला तुझी इंजिनाची होडी थेट आत येईल. निघालेल्या दगडांतले तीन मी लग्नाच्या चुलीला ठेवलेत. एके काळी स्वतः उतू गेलेला दगड, आता केसरच्या लग्नाचा भात त्याच्यावर उतू जाईल.

रीतीप्रमाणं मयताचं कार्ड वेगळं पाठवीन. तुझी शपथ आईच्या नावाची हाय, म्हणून सगळं रीतीनं झालं पाहिजे. वर श्री न्हाय, कोपरा फाडलेला. ते दारातच वाचायचं, घरात न्यायचं न्हाय, विसरू नको. हसू नको त्या वेळी, शेजारी बघतात.

केसर विचारत होती, मामा मला ओळखेल का. मी सांगितलं, तू त्याच्या डोक्याला बत्तासा चिकटव, लगेच ओळखेल.
ताय


मुरुड, ता. ३ मे १९५९

शिवदास यास कळविण्यास वाईट वाटते की, आपल्या वाड्यातलं सगळ्यांत थोरलं गेलं.

ज्वालामुखी, राहणार म्हातारीचा दांडा. वय मोजलेलं न्हाय. जाऊन सहा-सात कोटी वर्षं झाली, खबर आत्ता मिळाली. शांतपणे गेला, कुणाला त्रास दिला न्हाय. मागं डोंगर, दांडा आणि सगळा वाडा ठेवून गेला.

अंघोळ तू आल्यावर. उत्तरेच्या टोकानं भरतीला आत ये. मी दांड्यावर लाल लुगडं घेऊन रोज उभी राहते.

नीराबाई


॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥
करंजे, ता. २४ मे १९५९

ती. तायला शिवदासचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. तुळशीनं लग्नाचे लाडू सगळ्या आळीत वाटले. केसर मांडवात येताना माझा हात इतका घट्ट धरून होती की बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. मनुबाईनं गाण्यात माझं नाव तीनदा घेतलं. एकदा पुरलं असतं, पण ऐकायला बरं वाटलं.

आता एक कबुली द्यायची हाय. तिथं असताना तोंडातनं निघाली न्हाय.

तुझी आधीची चार पत्रं मी फोडलीच नव्हती. निळं पत्र, मुरुडचा शिक्का, अक्षर अनोळखी. तुला लिहिता येत न्हाय हेच मला माहीत. मला वाटलं, तायनं कुणाकडून तरी लिहून घेतलंय, म्हणजे मला शिव्या घालताना अर्धा वाडा ऐकत बसला असणार. रागानं पत्रं तशीच जाळ्याच्या पेटीत टाकली.

सहा तारखेला दुपारी कार्ड आलं. मी इंजिन उघडून बसलो होतो, हाताला तेल. तुळशीनं कार्ड बघितलं आणि मटकन खाली बसली. वर श्री न्हाय. कोपरा फाडलेला. अक्षर परक्याचं. मी पहिली ओळ वाचली, 'आपल्या वाड्यातलं सगळ्यांत थोरलं गेलं.' पुढं वाचलं न्हाय. आई न्हाय, बाबा न्हाय, आपल्यात थोरलं कोण, ताय? कार्ड मी तसंच दाराच्या कौलात खोचलं आणि इंजिन जोडायला बसलो. एक नट चार वेळा हातातनं पडला.

पहाटे सुटलो. तुळशी पुढं बसली होती, मी सुकाणूवर. इंजिनाचा आवाज मोठा, म्हणून मी रडलो ते तिला ऐकू गेलं न्हाय. थळ गेलं, अलिबागचा किल्ला गेला, कोर्लईचं टोक गेलं. मी सारखा मनात म्हणत होतो, गालाचं काय एवढं, गाल तर आठवड्यात भरला होता. एवढ्यासाठी सहा वर्षं मी तिचं तोंड बघितलं न्हाय, आणि आता बघायचं ते कसं बघायचं.

मुरुड दिसायला लागलं तेव्हा भरती होती. म्हातारीच्या दांड्यावर कुणी बाई लाल कापड फिरवत होती. मला वाटलं, मयताची खूण असेल. जवळ गेलो तर इंजिनाच्या वर आवाज आला, "डावीकडं घे, मुडद्या, डावीकडं. दिसत न्हाय?"

असा आवाज साऱ्या कोकणात एकच. मेलेल्या बहिणीनं जिवंत भावाला मुडदा म्हटलं, आणि मी सुकाणू सोडून असा उभा राहिलो की होडी तुळशीनं पुढनं धावत येऊन डावीकडं घेतली. तुमच्या नव्या वाटेतनं आत आलो ते माझं कसब न्हाय, तिचं.

उतरलो तर तू कमरेवर हात ठेवून विचारलंस, "मयताला आलास ना?" मला दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, व्हय. आणि सगळा वाडा हसला. माझे डोळे लाल बघून तू विचारलंस, तेव्हा मी इंजिनाचा धूर सांगितला. मग तुम्ही सगळ्यांनी मला समुद्रात नेऊन अंघोळ घातली. कुणाच्या नावानं ते मला ठाऊक नव्हतं, मी आपली केली. लोक 'थोरला गेला, थोरला गेला' म्हणून पाणी उडवत होते. मला वाटलं, अंबाजी पाटलाचा मोठा भाऊ असणार. मी गंभीर तोंड करून त्याच्याजवळ गेलो आणि म्हटलं, वाईट झालं. तो म्हणाला, "छे रे, चांगला सहा-सात कोटींचा होता." मी तुळशीला म्हटलं, एवढा कोट्यधीश आपल्या वाड्यात होता आणि आपल्याला पत्ता न्हाय.

तीन दिवस मी असाच वावरलो. विचारायची लाज वाटत होती. तू जिवंत हाईस एवढं मला पुरत होतं, मेलंय कोण ते कळलं न्हाय तरी चाललं असतं. पाटीवर तू केसरच्या रुखवताची नावं लिहीत होतीस तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की कार्डावरचं ते अक्षर तुझं हाय. उलट्या 'ळ' वरनं ओळखलं.

काल पेटी उघडून चारही पत्रं एका बैठकीत वाचली. मग कौलातलं कार्ड काढलं आणि दारात उभा राहून शेवटपर्यंत वाचलं. इतका हसलो की शेजारी धावत आले. त्यांना सांगितलं, आमच्यातलं मयत झालंय. त्यांना वाटलं, दुःखानं याचं डोकं फिरलं.

पावसाळ्याच्या आधी होडी तुमच्याकडंच आणतो, दांड्याच्या आडोशाला राहील. घैसास साहेब परत आला तर त्याला माझा नमस्कार सांग आणि पोटभर वाढ.

आणि ताय, एक मागणं हाय. यापुढं राग आला तर मुशीनंच मार, म्हणशील तेव्हा गाल पुढं करतो. कार्डाचा कोपरा मात्र फाडू नको.

तुझा
शिवदास